वीज वाचली, गुरुत्व चुकले

साध्या दोलकाचा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा शिकवला असेल. दोरा, लोखंडी गोळा, टांगायला एक खिळा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढ्या सामग्रीवर पृथ्वीचे गुरुत्व त्वरण काढता येते. एक मीटर लांबीच्या दोलकाला दहा दोलनांसाठी सुमारे २० सेकंद लागतात, म्हणजे आवर्तकाल २ सेकंद. लांबीला ३९.५ ने, म्हणजे चार गुणिले पायच्या वर्गाने, गुणायचे आणि आवर्तकालाच्या वर्गाने भागायचे. उत्तर ९.९ येते. पुस्तकातल्या ९.८ च्या इतके जवळ पोचल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो त्यासाठीच हा प्रयोग करावा असे आम्हाला वाटते.

वर्गात एक मीटरचा दोलक टांगता येतो; दहा मीटरचा टांगता येत नाही, आणि चंद्रावरचा तर मुळीच नाही. त्यासाठी आम्ही लॅपटॉपवरचा आभासी दोलक वापरतो. आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने तो हौसेने करून दिला आहे. ब्राउझरमध्ये पान उघडायचे, लांबी ठरवायची आणि पडद्यावरचा गोळा झुलू लागला की हातातल्या घड्याळाने दोलने मोजायची. आधी एक मीटर लांबी घेऊन पृथ्वीचे उत्तर तपासायचे, मग पुढे जायचे, अशी आमची पद्धत.

गेल्या सत्रात अकरावीच्या दोन गटांना हा प्रयोग दिला होता. मधल्या सुट्टीपूर्वीच्या गटाला दहा दोलनांना २० सेकंद लागले. सुट्टीत वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, म्हणून आम्ही दुसऱ्या गटाला तसेच बसवले. त्या गटाला दहा दोलनांना ४० सेकंद लागले. आवर्तकाल ४ सेकंद, त्याचा वर्ग १६, आणि गुरुत्व त्वरण २.५! चंद्रावर ते १.६ आहे, मंगळावर ३.७. आमच्या पुस्तकाच्या कोष्टकात २.५ चा ग्रह नव्हता.

त्यानंतर जे घडले ते सांगायला आम्हाला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. गटातल्या चार मुलांनी वहीत ४० खोडून २० लिहिले आणि उत्तर ९.९ काढून वही पुढे ठेवली. एका मुलीने खोडले नाही. ती वही घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही वहीकडे नीट न पाहताच म्हणालो, "तुझी मोजणी चुकली असेल. पुन्हा मोज." तिने पुन्हा मोजले. पुन्हा ४० आले. मग तिने कपाटातला खरा गोळा काढला, दोरा एक मीटर मोजून खिडकीच्या गजाला टांगला आणि दहा दोलने मोजली. २० सेकंद लागले. "सर, खरा दोलक बरोबर चालतोय. लॅपटॉपमधला हळू चालतोय," ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरे होते. वीज आली, चार्जर जोडला आणि पडद्यावरचा दोलक मुकाट्याने पूर्वपदावर आला. चार्जर काढला की तो पुन्हा सुस्त होई. शोध घेता असे दिसले की वीजजोडणी तुटताच ब्राउझर आपण होऊन वीजबचतीच्या अवस्थेत जात होता. कोपऱ्यात एक इवलेसे चिन्ह उमटत होते. आमच्यापैकी कोणाचेही तिकडे लक्ष गेले नव्हते. ती सोय बंद केली, आणि बॅटरीवरही दोलक दहा दोलने २० सेकंदांत करू लागला.

अशी सोय आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. ती चांगली की वाईट, ठेवावी की बंद करावी, असे आम्हाला त्यानंतर अनेक शिक्षकांनी विचारले. एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून एखाद्या पुस्तकाची समीक्षा करावी तशी या सोयीची समीक्षा करण्याचे आम्ही ठरवले.

बचत होते कशी?

संगणकाच्या प्रोसेसरला काम नसले की तो झोपतो. झोप जितकी गाढ तितकी वीज कमी लागते. पण गाढ झोपेतून जागे व्हायलाही थोडा वेळ आणि थोडी ऊर्जा लागते. शाळेच्या शिपायाचे उदाहरण घेऊ. एका वर्गातून खडूसाठी हाक येते, दोन मिनिटांनी दुसऱ्या वर्गातून डस्टरसाठी, आणखी दोन मिनिटांनी तिसऱ्या वर्गातून हजेरीपटासाठी. कामे फार नाहीत, पण त्याला बसायला मिळत नाही. हीच कामे तासाच्या अखेरीस एकदम सांगितली तर तेवढीच कामे होतील आणि मधला वेळ तो निवांत बसेल. उघडून ठेवलेल्या वेबपानांतले लहान लहान गजर प्रोसेसरला असेच सतत उठवत असतात. ते गजर एकत्र बांधणे ही ब्राउझरच्या वीजबचतीची पहिली युक्ती.

दुसरी युक्ती पडद्याची. सर्वसाधारण लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो. पानावर काही हलत असेल तर ब्राउझरला दर १६.७ सहस्रांश सेकंदाला नवे चित्र, म्हणजे नवी फ्रेम, तयार करून द्यावी लागते. सेकंदाला ३०च फ्रेम द्यायच्या असे ठरवले की हे काम निम्म्यावर येते. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि तो आपल्याला तुटक वाटत नाही, तेव्हा ३० फ्रेममुळे डोळ्याचे मोठे नुकसान होत नाही.

तिसरी युक्ती म्हणजे मागे पडलेल्या, आपण पाहत नसलेल्या टॅबना मंद करणे किंवा पूर्ण गोठवणे.

या तिन्ही युक्त्या शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष आहेत. वीज खरोखर वाचते. ज्यांना ही सोय म्हणजे केवळ जाहिरातबाजी वाटते त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. आमचे आक्षेप वेगळे आहेत.

पहिला आक्षेप : दाव्यांविषयी

मे २०१६ मध्ये नॉर्वेतल्या ऑपेरा कंपनीने आपल्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत बॅटरीबचतीची सोय आणली. मागच्या टॅबचे काम कमी करणे, गजर एकत्र करणे, फ्रेम सेकंदाला ३० वर आणणे, अशा वर सांगितलेल्याच युक्त्या तिच्यात होत्या. क्रोमच्या तुलनेत बॅटरी ५० टक्क्यांपर्यंत जास्त टिकते, असा कंपनीचा दावा होता.

पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने आपल्या एज ब्राउझरची चाचणी प्रसिद्ध केली. सारख्या लॅपटॉपांवर बॅटरी संपेपर्यंत व्हिडिओ चालवला. क्रोम ४ तास १९ मिनिटे टिकला, फायरफॉक्स ५ तास ९ मिनिटे, बचतीची सोय चालू असलेला ऑपेरा ६ तास १८ मिनिटे आणि एज ७ तास २२ मिनिटे. ऑपेराने लगेच स्वतःची चाचणी केली. तिच्यात ऑपेरा ३ तास ५५ मिनिटे, एज ३ तास १२ मिनिटे आणि क्रोम २ तास ५४ मिनिटे टिकला.

एकाच महिन्यात दोन चाचण्या झाल्या आणि दोन्हींत चाचणी घेणाराच पहिला आला. मग कोणी खोटे बोलले का? तसे म्हणण्याचे कारण नाही. एकीने व्हिडिओ चालवला होता, दुसरीने निरनिराळी संकेतस्थळे उघडली होती. दोघींची यंत्रे वेगळी होती. ऑपेराच्या चाचणीत बचतीबरोबर जाहिराती रोखण्याची सोयही चालू होती. जाहिराती गेल्यामुळे किती वीज वाचली आणि बचतीच्या सोयीमुळे किती, हे त्या एका आकड्यावरून वेगळे करता येत नाही. एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत, हे आपण सहावी-सातवीच्या मुलांना शिकवतो. झाडाला खत आणि पाणी दोन्ही वाढवले, तर झाड कशामुळे वाढले ते सांगता येत नाही.

"५० टक्क्यांपर्यंत" यातल्या "पर्यंत" या शब्दाकडेही मुलांचे लक्ष वेधावे. १० टक्के बचत झाली तरी ते वाक्य खरेच राहते. ते कमाल मर्यादा सांगते. आपल्या वाट्याला काय येईल ते सांगत नाही.

दुसरा आक्षेप : बचतीच्या वेळेविषयी

गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये क्रोमसाठी ऊर्जाबचतीची सोय जाहीर केली आणि २०२३ च्या आरंभी ती सर्वत्र पोचली. बॅटरी २० टक्के किंवा त्याहून कमी उरली की ती चालू होते, अशी तिची मूळ मांडणी आहे. हवे असल्यास चार्जर काढताक्षणी ती चालू व्हावी असेही ठरवता येते.

आता थोडे गणित करू. पुढचे आकडे मोजलेले नाहीत, उदाहरणासाठी धरलेले आहेत. समजा लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि ब्राउझर वापरताना यंत्राला १० वॅट लागतात. बॅटरी ५ तास चालेल. समजा बचतीच्या सोयीमुळे दीड वॅट वाचतात. ती सुरुवातीपासून चालू ठेवली तर ५० भागिले ८.५, म्हणजे सुमारे ५ तास ५३ मिनिटे मिळतील. ५३ मिनिटांचा फायदा. पण ती शेवटच्या २० टक्क्यांत चालू झाली तर? उरलेले १० वॅट-तास बचतीशिवाय ६० मिनिटे पुरले असते, बचतीने ७० मिनिटे पुरतील. फायदा १० मिनिटांचा.

दहा मिनिटे कमी नव्हेत. अर्धवट राहिलेले काम तेवढ्यात पुरे होते. पण सोयीच्या नावावरून मनात जी अपेक्षा तयार होते तिच्या मानाने हा फायदा लहान आहे. पडद्याचा प्रकाश कमी करणे आणि नको असलेले टॅब मिटणे हे साधे उपाय कोणत्याही क्षणी हाताशी असतात, आणि त्यांनी दोलक हळू होत नाही.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना काय? दीड वॅट, दिवसाला ६ तास, वर्षाचे २०० दिवस, म्हणजे १८०० वॅट-तास. आपल्या वीजबिलाच्या भाषेत १.८ युनिट. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा छताचा पंखा एक संपूर्ण दिवस चालला तर एवढीच वीज लागते. प्रयोगशाळेला कुलूप लावताना पंखा बंद करायला एकदा विसरलो, की लॅपटॉपने वर्षभर केलेली बचत एका दिवसात जाते. कोट्यवधी संगणकांची बेरीज केली तर आकडा मोठा होतो, हे खरे. ब्राउझर बनवणारे त्या बेरजेकडे पाहतात आणि तसे पाहणे योग्यही आहे. आपल्याला मात्र समोरच्या एका यंत्राविषयी आणि समोरच्या तीस मुलांविषयी निर्णय घ्यायचा असतो.

तिसरा आक्षेप : मुकाटपणाविषयी

आमचा मुख्य आक्षेप हा आहे. बचत करताना ब्राउझर दुसऱ्याच्या कामात बदल करतो आणि तो बदल पुरेशा स्पष्टपणे सांगत नाही. क्रोममध्ये बचत चालू झाली की वरच्या पट्टीत पानाचे लहानसे चिन्ह दिसते. ज्याला ठाऊक आहे त्याला ते पुरते. पण वर्गात सगळ्यांची नजर पडद्याच्या मध्यावर, झुलणाऱ्या गोळ्यावर असते. शिवाय ते चिन्ह माणसासाठी आहे. त्या वेबपानात जी आज्ञावली चालू आहे तिला, "आता तुझ्या फ्रेम निम्म्या झाल्या आहेत, त्याप्रमाणे वाग," असे सरळ कोणी सांगत नाही.

अपवादांचाही प्रश्न आहे. वापरात नसलेले टॅब स्मृतीतून काढून टाकण्याची जी दुसरी सोय क्रोममध्ये आहे, तिला अमुक संकेतस्थळे वगळ असे सांगता येते. ऊर्जाबचतीच्या सोयीला तशी यादी देता येत नाही. ठेवायची तर सगळीकडे, बंद करायची तर सगळीकडे. दोलकाचे पान वगळून बाकीच्या टॅबवर बचत करावी, असा शहाणपणाचा मध्यम मार्ग आपल्याला मिळत नाही.

आणि काही प्रकारची बचत तर नेहमीच्या वापरात आपल्याला बंद करण्यासाठी दिलेलीच नाही. क्रोमची ५७ वी आवृत्ती मार्च २०१७ मध्ये आली. तेव्हापासून मागच्या टॅबला प्रोसेसरच्या एका गाभ्याच्या वेळेपैकी सरासरी एक टक्काच वाटा मिळू लागला. आवाज चालू असलेले किंवा थेट जोडणी राखणारे टॅब त्यातून वगळले होते. त्या वेळी गूगलने दिलेली माहिती अशी, की संगणकावर क्रोमला लागणाऱ्या विजेपैकी एक तृतीयांश वीज मागच्या टॅबमध्ये खर्च होत होती. जानेवारी २०२१ च्या ८८ व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ दडलेल्या आणि शांत असलेल्या पानाचे असे सतत वाजणारे गजर मिनिटाला एकदाच वाजतात. याला बॅटरी कमी असावी लागत नाही. चार्जर जोडलेला असतानाही हे घडते.

याचा परिणाम वर्गात कसा होतो ते पाहा. आपण ३० मिनिटांच्या चाचणीसाठी पडद्यावर उलटे घड्याळ लावले. घड्याळाची आज्ञावली अशी, की दर सेकंदाच्या गजराला उरलेल्या वेळातून एक सेकंद वजा करायचा. मग त्याच खिडकीत आपण प्रश्नपत्रिकेचा टॅब उघडला आणि घड्याळ मागे गेले. पहिली पाच मिनिटे ठीक, ३०० सेकंद वजा झाले. पुढच्या २५ मिनिटांत गजर मिनिटाला एकदाच वाजणार, म्हणजे फक्त २५ सेकंद वजा होणार. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास संपेल तेव्हा पडद्यावरचे घड्याळ २४ मिनिटे ३५ सेकंद उरल्याचे दाखवेल. मुले खूश होतील, पुढचा तास घेणारे शिक्षक होणार नाहीत.

दोष एकट्या ब्राउझरचा नाही

समीक्षा करताना दुसरी बाजूही तपासावी लागते. आम्ही आमच्या आभासी दोलकाची आज्ञावली उघडून पाहिली. तिच्यात लिहिले होते : प्रत्येक फ्रेमला काळ एक-साठांश सेकंदाने पुढे न्या आणि गोळ्याची नवी जागा काढा. सेकंदाला ६० फ्रेम मिळत होत्या तोवर हिशेब बरोबर होता. ६० वेळा एक-साठांश म्हणजे एक सेकंद. ब्राउझरने फ्रेम ३० वर आणल्या, आणि आपल्या एका सेकंदात पडद्यावर अर्धाच सेकंद होऊ लागला. आवर्तकाल दुप्पट झाला. गुरुत्व त्वरण काढताना त्याच्या वर्गाने भागायचे असते, म्हणून उत्तर चौपटीने खाली आले. चूक कशी आणि किती पटीने झाली हेही सूत्रच सांगते, म्हणून ही चूक आम्हाला मोलाची वाटली.

योग्य पद्धत अशी, की मागच्या फ्रेमपासून खरोखर किती वेळ गेला ते संगणकाच्या घड्याळाला विचारावे आणि तेवढाच काळ पुढे न्यावा. मग फ्रेम ६० असोत की ३०, गोळा वेळेवर पोचतो. फक्त त्याच्या मधल्या जागा कमी दिसतात. उलट्या घड्याळाचेही तसेच. सेकंद वजा करत बसण्यापेक्षा संपण्याची वेळ लिहून ठेवावी आणि दर खेपेला आत्ताच्या वेळेशी तुलना करावी. मधले कितीही गजर चुकले तरी उत्तर बरोबर येते. आमच्या माजी विद्यार्थ्याला हे कळवले. त्याने दोन ओळी बदलल्या, आणि आता बचत चालू असतानाही दोलक दहा दोलने २० सेकंदांत करतो.

तेव्हा चूक दोघांत वाटलेली होती. आज्ञावली लिहिणाऱ्याने फ्रेमलाच घड्याळ मानले, आणि ब्राउझरने ते घड्याळ न सांगता मंद केले. तिसरा वाटा आमचा. ज्या साधनाने मोजतो ते साधन तपासायचे असते हे आम्हीच शिकवतो, आणि आम्हीच ते तपासले नाही.

ब्राउझरच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आज अनेक पानांवर वाचण्याचा मजकूर थोडा आणि त्याभोवती हलणारी चित्रे, आपोआप चालणारे व्हिडिओ, वाचकाचा माग काढणाऱ्या आज्ञावल्या असा पसारा फार असतो. हा पसारा आपली वीज न विचारता खातो. ब्राउझरने त्याला लगाम घालणे गरजेचेच होते. अडचण एवढीच, की लगाम घालताना उधळलेला घोडा कोणता आणि पाणी ओढणारा बैल कोणता हे ब्राउझरला नीट ओळखता येत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या क्रोमच्या १३३ व्या आवृत्तीत, ऊर्जाबचत चालू असताना प्रोसेसर फार वापरणारे दडलेले, शांत टॅब पाच मिनिटांनी गोठवण्याची तरतूद आली. आवाज, व्हिडिओ-संभाषण किंवा बाहेरचे उपकरण हाताळणारी पाने तिच्यातून वगळली आहेत. ही दिशा आम्हाला योग्य वाटते. सरसकट मंद करण्यापेक्षा कोण किती खातो ते पाहून मंद करणे केव्हाही न्याय्य.

मग बंद करावी का?

आमचे मत असे. वाचन, पत्रव्यवहार, गुणपत्रके भरणे अशा कामांत ही सोय चालू ठेवावी. तिथे ती काही बिघडवत नाही. प्रवासात किंवा भारनियमनाच्या दिवशी तर अवश्य ठेवावी. मात्र पडद्यावरच्या हालचालीवरून काही मोजायचे असेल, वेळ लावायची असेल, किंवा एखादे पान उपकरणाकडून सतत वाचने घेत असेल, तेव्हा तास सुरू होण्यापूर्वी ती बंद करावी आणि तास संपल्यावर आठवणीने चालू करावी.

बंद करणे अवघड नाही. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर टिचकी मारून सेटिंग्ज उघडायची. तिथे परफॉर्मन्स या विभागात पॉवर या शीर्षकाखाली एनर्जी सेव्हरची कळ आहे. एजमध्ये ती सिस्टिम अँड परफॉर्मन्स या विभागात सापडते. तिचे नाव पूर्वी एफिशियन्सी मोड असे होते. आवृत्तीनुसार शब्द थोडे बदलतात, जागा सहसा हीच. आयफोनवर लो पॉवर मोड चालू असेल तर सफारीही फ्रेम ३० वर आणतो. तिथे ब्राउझरमध्ये शोधू नये, फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये पाहावे. एक पथ्य पाळावे : मोजणीचे पान स्वतंत्र खिडकीत उघडावे आणि ती खिडकी दुसऱ्या खिडकीने पूर्ण झाकू देऊ नये. मागे गेलेल्या टॅबचे नियम सेटिंग बदलून सुटत नाहीत.

वर्गात करून पाहा

ही सोय बंद करण्यापूर्वी तिच्यावर एक तास जरूर खर्च करा. कोणताही आभासी दोलक उघडा. शेजारी त्याच लांबीचा खरा दोलक टांगा. चार नोंदी घ्या : चार्जर जोडून बचत बंद, चार्जर काढून बचत बंद, चार्जर काढून बचत चालू, आणि शेवटी पान मागे टाकून मिनिटभराने परत आणल्यावर. दर वेळी एकच गोष्ट बदला, आणि दर वेळी दोन्ही दोलकांची दहा दोलने मोजा. पडद्यावरचा दोलक चारही वेळा खऱ्याशी जुळला तर त्याची आज्ञावली नीट लिहिलेली आहे. जुळला नाही तर कोणत्या नोंदीत आणि किती पटीने चुकला ते मुलांना शोधू द्या. पटीवरूनच कारणाचा माग लागतो. वरच्या वर्गांतली मुले बॅटरीच्या टक्केवारीची दर दहा मिनिटांनी नोंद करून बचतीचा आलेखही काढू शकतील. कंपन्यांच्या दाव्यांपेक्षा तो आलेख आपल्या शाळेतल्या यंत्राविषयी अधिक खरे सांगेल.

खिडकीच्या गजाला टांगलेला गोळा आम्ही अजून काढलेला नाही. आभासी प्रयोगाचा तास असला की आधी त्याला झोका द्यायचा, मग पडद्याकडे पाहायचे, असा आमच्या प्रयोगशाळेत आता रिवाज पडला आहे. दोऱ्याला बॅटरी लागत नाही.

राहता राहिली ती वही. ४० खोडून २० लिहिणाऱ्या चार मुलांशी आम्ही बोललो, रागावलो नाही, कारण "उत्तर ९.८ आलेच पाहिजे" हे त्यांना आमच्याकडूनच कळले होते. त्या मुलीच्या वहीत मात्र २.५ हे उत्तर आजही तसेच आहे. खाली आम्ही लाल शाईने लिहिले आहे, "मोजणी बरोबर. साधन चुकीचे." त्याच्या खाली तिने स्वतः एक ओळ लिहिली आहे : बचत बंद केल्यावर, २०.१ सेकंद.